कारखान्याचा पॉवर फॅक्टर सुधारायचाय? पॅनल मागवायच्या आधी मोजा

साकीनाका, मरोळ, वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, तळोजा, वसईचे गाळे, कुठेही जा, मेन पॅनलच्या शेजारी पॉवर फॅक्टर सुधारायला एक कपॅसिटर पॅनल उभं असतंच. पॉवर फॅक्टर म्हणजे सप्लायमधून जेवढी पॉवर ओढता (केव्हीए) त्यातली खरं काम करणारी (केडब्ल्यू) किती, सगळी कामाची असेल तर १. आणि त्यातली बरीचशी एकतर मॅन्युअलवर टाकून दिलेली असतात नाहीतर आतले कपॅसिटर कधीचे मेलेले असतात आणि दारावरच्या कंट्रोलरवर मात्र आकडा लुकलुकत असतो. पैसे खर्च झालेले असतात पण बिल जिथल्या तिथे. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, काही न मोजता कोणीतरी अंदाजाने "शंभर केव्हीएआर टाका" (केव्हीएआर म्हणजे काम न करणाऱ्या, रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप, कपॅसिटर त्यातच मोजतात) सांगितलं आणि टाकलं. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितोय, मेंटेनन्सवाल्यांसाठी आणि ज्यांच्या खिशातून पैसे जातात त्या मालकांसाठी पण.

एचटी, म्हणजे उच्च दाबाचं मीटर असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. एप्रिल २०२० पासून महावितरणच्या एचटी ग्राहकांचं बिल केडब्ल्यूएचवर (खऱ्या कामाचे युनिट) नाही, केव्हीएएचवर (काम न करणारा भाग पण धरून) येतं. पूर्वी पॉवर फॅक्टर पेनल्टीची वेगळी ओळ असायची, ती दिसली की शेठ विचारायचे हे काय रे, आणि मग धावपळ व्हायची. आता ती ओळ गेली आणि तो खर्च युनिटमध्येच मिसळला, त्यामुळे डोळ्याला टोचत नाही. समजा महिन्याला ६०,००० केडब्ल्यूएच खरंच वापरले आणि सरासरी पॉवर फॅक्टर ०.८० आहे, तर बिल ७५,००० युनिटचं येणार. तोच ०.९९ केला तर साधारण ६०,६०० युनिटचं. म्हणजे दर महिन्याला चौदा हजारांच्या वर युनिट जास्तीचे भरताय, तुमचा रेट लावून बघा किती होतात ते. एलटी, म्हणजे कमी दाबाच्या मीटरवाल्या छोट्या गाळ्यांचं गणित बेस्ट, टाटा, अदानी, महावितरण यात कॅटेगरीप्रमाणे वेगळं पडतं, तेव्हा आपल्या बिलावर कुठलं युनिट लावलंय आणि पॉवर फॅक्टरची ओळ आहे का हे बघून मगच पुढे जा.

आता हे होतं कशामुळे. इंडक्शन मोटरला, ट्रान्सफॉर्मरला, वेल्डिंग सेटला स्वतःचं मॅग्नेटिक फिल्ड उभं करायला रिअ‍ॅक्टिव्ह करंट लागतो. तो काम करत नाही पण केबलमधून येतो आणि जातो, कपॅसिटर तोच करंट जवळून पुरवतो. आणि तो लोडप्रमाणे फारसा कमीजास्त होत नाही, मोटर फुल लोडवर असो की रिकामी फिरत असो, मॅग्नेटायझिंग करंट जवळपास तेवढाच. म्हणून फुल लोडवर ०.८५ असलेली मोटर रिकामी फिरताना ०.३ च्या आसपास पण जाते. या एका गोष्टीवरून अर्धा इलाज कळतो.

तर पहिलं काम मोजणं. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येकात केडब्ल्यूएच, केव्हीएएच, लॅग केव्हीएआरएच (मोटरसारख्या लोडने ओढलेले रिअॅक्टिव्ह युनिट) आणि लीड केव्हीएआरएच (कपॅसिटर जास्त झाल्यावर उलटे पडणारे), मॅक्सिमम डिमांड (महिन्यातली सगळ्यात जास्त केव्हीए मागणी) हे आकडे एका कागदावर मांडा. केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच म्हणजे त्या महिन्याचा सरासरी पॉवर फॅक्टर. पण सरासरीवर पॅनल डिझाइन करू नका. दिवसा लॅग आणि रात्री लीड असं असेल तर नुसता पॉवर फॅक्टरचा एक आकडा बघून काहीच कळत नाही, आणि केव्हीएएच काढताना लीड पण मोजलं जातं, ते लॅगमधून वजा होत नाही. म्हणून मीटरमधला लोड सर्व्हे डेटा मागून घ्या, किंवा इनकमरवर (मेन सप्लाय आत येतो तिथे) पॉवर अ‍ॅनालायझर निदान एक आठवडा लावून ठेवा, साप्ताहिक सुट्टीचा दिवस त्यात आलाच पाहिजे. तुम्हाला बघायचंय ते एवढंच की रिअ‍ॅक्टिव्हची गरज कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि किती पटकन बदलते. सोबत करंटची आणि व्होल्टेजची टीएचडी (हार्मोनिकचं प्रमाण, ते काय ते पुढे येईल) पण रेकॉर्ड करून घ्या, पुढे लागणार आहे.

दुसरं काम, कपॅसिटर न लावता जे सुधारता येतं ते सुधारा. वीस एचपीच्या जागी चाळीस एचपीची मोटर बसलेली आहे का, कारण जुनी जळली तेव्हा गोडाऊनमध्ये तीच पडली होती? कॉम्प्रेसर तासनतास अनलोडवर फिरतो का? जेवणाच्या सुट्टीत लेथ आणि वेल्डिंग सेट चालूच असतात का? वारंवार रिवाइंड केलेल्या मोटर नो लोडला किती करंट घेतात ते टाँग टेस्टरने (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) बघा, खराब रिवाइंडिंग झालेली मोटर लगेच ओळखू येते. जी डेल्टातली मोटर कायमच ३०-४० टक्क्यांच्या खाली चालते तिला स्टारमध्ये चालवता येतं का हे पण तपासा, स्टार्टिंग टॉर्क पुरत असेल तरच. हे सगळं करायला पॅनलवाल्याची गरज नाही.

मग येतो हिशोब. लागणारे केव्हीएआर म्हणजे केडब्ल्यू गुणिले दोन टॅनमधला फरक, आत्ताच्या पॉवर फॅक्टरचा टॅन वजा पाहिजे त्याचा टॅन. ०.७५ ला टॅन ०.८८२, ०.८० ला ०.७५०, ०.८५ ला ०.६२०, ०.९० ला ०.४८४, ०.९५ ला ०.३२९ आणि ०.९९ ला ०.१४२. एवढे आकडे वहीत लिहून ठेवले की पुरे. २०० केडब्ल्यूचा लोड ०.८० वरून ०.९९ ला न्यायचा तर २०० गुणिले ०.६०८, म्हणजे १२२ केव्हीएआरच्या आसपास. केव्हीए २५० वरून २०२ वर येतात आणि ४१५ व्होल्टला करंट ३४८ अँपिअरवरून २८१ वर. हे झालं त्या एका लोडला, तुम्ही अ‍ॅनालायझरच्या डेटावरून दिवसभरातल्या चार-पाच वेळा घेऊन प्रत्येक वेळेचं असंच काढा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे की कपॅसिटर लावला की मोटर वीजच कमी खाते. तसं काही नाही. मोटर तेवढेच केडब्ल्यू घेणार, कमी होतो तो कपॅसिटरच्या मागच्या, म्हणजे सप्लायच्या बाजूच्या केबलमधला आणि ट्रान्सफॉर्मरमधला करंट. मेन पॅनलवर कपॅसिटर लावला तर तिथून मशीनपर्यंतच्या केबलला काही फरक पडत नाही. बिल कमी होतं ते केव्हीएएच आणि केव्हीए डिमांड कमी झाल्यामुळे. जो माणूस "३० टक्के वीज वाचवणारा डबा" विकायला येतो त्याला हा फरक विचारून बघा.

कपॅसिटर घेताना नावाच्या पट्टीवरचा आकडा आणि तुमच्या व्होल्टेजला मिळणारा आकडा वेगळा असतो, केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतात. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआर ४१५ ला २२ च्या आसपासच देतो. ५२५ व्होल्टचा घेतला तर फरक अजून मोठा. कोटेशनमध्ये म्हणून नुसतं "१५० केव्हीएआर पॅनल" लिहिलेलं चालवून घेऊ नका, ४१५ व्होल्टला रिअ‍ॅक्टरसकट (हार्मोनिकसाठी कपॅसिटरला जोडायची कॉइल, पुढे सांगतो) इफेक्टिव्ह किती हे लिहून मागा. ५२५ व्होल्टचे कपॅसिटर ७ टक्के रिअ‍ॅक्टरबरोबर वापरले तर १०० केव्हीएआर मिळायला पट्टीवर जवळपास १५० लागतात. दोन कोटेशनमध्ये दीडपट किमतीचा फरक दिसतो तो बऱ्याचदा इथूनच येतो, आणि स्वस्तवाला ऑर्डर घेऊन जातो.

स्टेप, म्हणजे कंट्रोलर एकेक करून चालू-बंद करतो ते कपॅसिटरचे गट, पाडताना सगळ्या २५-२५ च्या पाडू नका. ५, १०, १०, २५, २५, ५० अशा ठेवल्या की रात्री कमी लोडला पण कंट्रोलरला बारीक जुळवता येतं. सगळ्यात लहान स्टेप तुमच्या रात्रीच्या गरजेएवढी असली पाहिजे नाहीतर रात्रभर पॅनल एकतर लीडमध्ये जाईल किंवा काहीच घेणार नाही. एचटी मीटरिंग असेल तर ट्रान्सफॉर्मरला विसरू नका, ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर काही लोड नसताना पण ५ ते १० केव्हीएआर खातो आणि लोड वाढला की अजून, पण एलटी पॅनलवरच्या मीटरला हे दिसत नाही. एलटीला ०.९९ दिसतंय आणि बिलात ०.९७ येतंय अशी तक्रार करतात लोक, त्याचं उत्तर हे. त्याच्यासाठी एक छोटा फिक्स कपॅसिटर कायम चालू ठेवतात. सुट्टीच्या दिवशी मीटरवर पॉवर फॅक्टर खूप खराब दिसला तर मात्र घाबरू नका, त्या दिवशी युनिटच इतके कमी असतात की रुपयांत फारसं काही निघत नाही.

स्पॉट वेल्डिंग किंवा प्रेस असेल, लोड सेकंदासेकंदाला वरखाली होत असेल, तर कॉन्टॅक्टरचं (कॉइलने ओढला जाणारा स्विच) पॅनल घेऊच नका. कॉन्टॅक्टर तेवढ्या वेगाने धावू शकत नाही आणि कपॅसिटर डिस्चार्ज व्हायच्या आत परत चालू झाला तर जोरात झटका बसतो. तिथे थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक) स्विचिंग लागतं. साध्या लोडला कॉन्टॅक्टर चालतो पण तो कपॅसिटर ड्यूटीचा, प्रीचार्ज रेझिस्टरवालाच पाहिजे. मोटरवाला साधा कॉन्टॅक्टर लावला तर त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात, मग ती स्टेप कायमची चालूच राहते.

मोठी मोटर सतत चालत असेल तर तिच्याच स्टार्टरवर कपॅसिटर लावणं चांगलं, केबलचा लॉस पण वाचतो. मर्यादा एकच, त्या मोटरच्या नो लोड केव्हीएआरच्या ९० टक्क्यांच्या वर जायचं नाही, नाहीतर सप्लाय गेल्यावर फिरती मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करते. आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) आउटपुटला कपॅसिटर कधीही, कधीही लावायचा नाही, ड्राइव्ह जातो.

आता हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट, इथे जरा थांबून वाचा, सगळ्यात जास्त पैसे इथेच जळतात. रबाळ्याच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या युनिटमधलं उदाहरण देतो. तिथे ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पिडन्सचा, आणि २०० केव्हीएआरचं साधं पॅनल वर्षानुवर्षं नीट चालत होतं. मग मशीनला आणि पंपांना व्हीएफडी लागले आणि कपॅसिटरचे फ्यूज उडायला लागले, डबे फुगायला लागले, दर वेळी नवीन डबा आणून लावायचा. वायरमनने टाँग टेस्टर लावला तर २५ केव्हीएआरचा डबा ४३ अँपिअर घेत होता, तो म्हणाला हा तर मस्त चाललाय. पण ४४० व्होल्टचा २५ चा डबा ४१५ व्होल्टला ३१ अँपिअर घ्यायला पाहिजे. जास्तीचा करंट सगळा हार्मोनिकचा. कपॅसिटर रेटेड करंटच्या १.३ पटीपर्यंत सोसतो, या डब्याचा रेटेड साधारण ३३, म्हणजे हद्द ४३ लाच संपली. अँपिअर कमी दाखवला तर डबा कमकुवत झाला हे सगळ्यांना माहीत असतं, जास्त दाखवला तर तो मरायच्या वाटेवर आहे हे पण तेवढंच लक्षात ठेवा.

असं का झालं ते साध्या गणिताने दिसतं. ट्रान्सफॉर्मरचा शॉर्ट सर्किट केव्हीए म्हणजे ५०० भागिले ०.०५, १०,०००. त्याला चालू कपॅसिटरच्या केव्हीएआरने भागा आणि वर्गमूळ काढा. १०,००० भागिले २०० म्हणजे ५०, वर्गमूळ ७.०७. म्हणजे सातव्या हार्मोनिकवर रेझोनन्स (कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून तो करंट कैकपट वाढवतात), आणि सिक्स पल्स व्हीएफडी जे हार्मोनिक सोडतात ते ५, ७, ११, १३. बरोब्बर त्याच्यावरच जाऊन बसलं. त्यात अजून डबे वाढवले आणि ४०० केले तर वर्गमूळ ५, ते पण तेवढंच वाईट. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा आणि पॅनलचा आकडा टाकून हे आजच करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

इलाज म्हणजे डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर, प्रत्येक स्टेपच्या कपॅसिटरबरोबर सिरीजमध्ये. ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर त्या जोडीला १८९ हर्ट्झला ट्यून करतो, पाचवा हार्मोनिक २५० हर्ट्झचा, म्हणजे ट्यूनिंग त्याच्या खाली बसतं, त्यामुळे ५ आणि ७ ला तो रेझोनन्स होऊ देत नाही. यूपीएस, एलईडी, कॉम्प्युटर असा सिंगल फेज लोड भरपूर असेल आणि तिसरा हार्मोनिक मोठा निघाला तर १४ टक्क्यांचा घेतात, तो १३४ हर्ट्झला बसतो. रिअ‍ॅक्टर लावला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, ७ टक्क्याला ४१५ चे ४४६ होतात, म्हणून जुने ४४० चे डबे तसेच ठेवून नुसते रिअ‍ॅक्टर घालायचे नाहीत, ४८० किंवा ५२५ चे घ्यायचे. आणि एकाच बसवर अर्ध्या स्टेप रिअ‍ॅक्टरवाल्या आणि अर्ध्या साध्या असं मिश्रण करू नका. पैसे वाचवायला लोक हे करतात आणि परत फ्यूज उडतात.

एक अजून, तुमचा बहुतेक लोड व्हीएफडीवरच असेल तर त्याचा डिस्प्लेसमेंट पॉवर फॅक्टर (हार्मोनिक न धरता फक्त ५० हर्ट्झचा) आधीच ०.९५ च्या वर असतो. तिथे खरा पॉवर फॅक्टर खराब असतो तो हार्मोनिकमुळे, आणि त्याला कपॅसिटर हा इलाजच नाही. व्हीएफडीला लाइन चोक, आणि गरज पडली तर अ‍ॅक्टिव्ह फिल्टर.

सीटी, म्हणजे कंट्रोलरला करंट दाखवणारा करंट ट्रान्सफॉर्मर, त्याबद्दल सांगतो, कारण नवीन पॅनल चालत नाही त्याचं कारण बऱ्याचदा तीच असते. सीटी अशा जागी पाहिजे की लोडचा आणि कपॅसिटरचा दोन्हीचा करंट तिच्यातून जाईल, म्हणजे मेन इनकमरवर. बहुतेक कंट्रोलरना आर फेजचा करंट आणि वाय-बी चं व्होल्टेज लागतं, मॅन्युअलमध्ये बघून तसंच द्या. तपासायची सोपी पद्धत, कंट्रोलर मॅन्युअल मोडवर घेऊन एक स्टेप चालू करा. लॅगचा आकडा १ च्या जवळ सरकला तर बरोबर. उलटा लांब गेला तर सीटीची तोंडं उलटी आहेत. काहीच हललं नाही तर सीटी चुकीच्या जागी आहे, कपॅसिटरचा करंट तिच्यातून जातच नाही. सीटीचा रेशो पण लोडला धरून घ्या, १०० अँपिअरच्या लोडला १०००/५ ची सीटी लावली तर कंट्रोलरला काही दिसणारच नाही. आणि चालू लाइनवर सीटीची सेकंडरी उघडी ठेवायची नाही, आधी शॉर्ट करा, मग वायर काढा. जीवावर बेततं.

जनरेटर असेल तर डीजी चालू झाल्यावर कपॅसिटर पॅनल बंद होईल असा इंटरलॉक घाला किंवा टार्गेट कमी करा, लीडिंग करंटने अल्टरनेटरचं व्होल्टेज चढतं.

छतावर सोलर लावलेल्यांनी हे नक्की बघा. समजा लोड २०० केडब्ल्यू आणि ६० केव्हीएआर, पॉवर फॅक्टर ०.९५८, सगळं ठीक. दुपारी सोलर १२० केडब्ल्यू देतो, युनिटी, म्हणजे १ पॉवर फॅक्टरवर. ग्रिडकडून आता ८० केडब्ल्यू येतात पण केव्हीएआर तेच ६०. पॉवर फॅक्टर सरळ ०.८०, आणि ८० केडब्ल्यूसाठी केव्हीए १००. मशीन तीच, लोड तोच. पॅनलमध्ये अजून ५० केव्हीएआर मिळाले तर १०० चे ८१ होतात. सोलरवाला हे आपणहून सांगत नाही आणि मग मालक म्हणतो सोलर लावून अपेक्षेएवढं बिल उतरलं नाही. सोलर एक्सपोर्ट करत असेल तर कंट्रोलर फोर क्वाड्रंटचा पाहिजे, नाहीतर करंट उलटा वाहायला लागल्यावर तो गोंधळतो.

बसवताना आपल्या हवेचा विचार करा. पत्र्याचं छत, मे महिना, बंद गाळा, वर रिअ‍ॅक्टर स्वतः गरम होणार. साधारण मिळणाऱ्या डी क्लासच्या कपॅसिटरची हद्द ५५ अंश, आणि दिवसाची सरासरी ४५ च्या वर जायची नाही. म्हणून डबे खालच्या भागात, रिअ‍ॅक्टर वर किंवा वेगळ्या कप्प्यात, एक्झॉस्ट फॅन थर्मोस्टॅटवर. फॅनची जाळी महिन्याला साफ. पावसाळ्यात पाणी शिरतं तिथे प्लिंथ उंच घ्या, केबल ग्लँड नीट बंद करा, खाडीजवळच्या खाऱ्या हवेत टर्मिनल लवकर खराब होतात, तिथे दर पावसाळ्याआधी आणि नंतर टाइटनिंग.

दर महिन्याला ट्रू आरएमएस टाँग टेस्टरने प्रत्येक स्टेपच्या तिन्ही फेजचा करंट घ्या आणि पॅनलच्या दारातच आत एक कागद चिकटवून लिहा. नवीन असतानाचा आकडा वर लिहून ठेवा. एखादा फेज दहा टक्क्यांच्या वर घसरला की तो डबा बदलायच्या यादीत, जास्त चढला तर हार्मोनिक मोजायचे. पॅनल उघडायच्या आधी मेन बंद, निदान पाच मिनिटं थांबा. स्टँडर्डप्रमाणे डब्याचं व्होल्टेज तीन मिनिटांत ७५ च्या खाली यायला पाहिजे, पण आतला डिस्चार्ज रेझिस्टर जळालेला असू शकतो, म्हणून टेस्टरने बघा आणि डिस्चार्ज रॉडने शॉर्ट आणि अर्थ करूनच हात घाला. हे काम लायसन असलेल्या माणसाचंच आहे, हेल्परला पाठवू नका.

पॅनल चालू झाल्यावर पहिल्या बिलात केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच जवळ आले का, लीडचे युनिट वाढले का हे दोन्ही बघा. लीड वाढले असतील तर टार्गेट थोडं खाली आणा, ०.९९ लॅगवर. मॅक्सिमम डिमांड पण उतरलेली दिसेल, पण लगेच कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करायचा अर्ज देऊ नका. उन्हाळ्याचा चिलरचा लोड आणि दिवाळीआधीची तीन शिफ्टची गर्दी एकदा त्याच पॅनलवर निघू द्या, मग त्यातल्या सगळ्यात जास्त आकड्यावर थोडी जागा ठेवून अर्ज करा.